मेलेल्या पेशींना खांदा कोण देतं?

मावशीने परवा रक्ताच्या रिपोर्टचा फोटो पाठवला. एका ओळीभोवती लाल पेनाने गोल केलेला: मोनोसाइट्स ९ टक्के. शेजारी छापलेली मर्यादा २ ते ८. खाली तिचा प्रश्न, "हे वाढलंय म्हणून बोटं आखडतात का रे?" आणि त्याच्याही खाली, तिला कुणीतरी पाठवलेला आणि तिने माझ्याकडे ढकललेला संदेश: 'संधिवात म्हणजे प्रतिकारशक्ती कमी झाल्याची खूण. हा काढा २१ दिवस घ्या, प्रतिकारशक्ती वाढवा, सांधे मोकळे करा.'

मावशीला आमवात आहे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. सकाळी तास-दीड तास तिच्या मुठी वळत नाहीत. दुधाची पिशवी कापायची तर कात्रीत बोटं जात नाहीत, म्हणून ती दाताने फाडते आणि मग ओट्यावर सांडलेलं दूध पुसत बसते. म्हातारपणी गुडघे झिजतात तो आजार वेगळा. तिथे कूर्चा झिजते. इथे स्वतःचीच संरक्षण यंत्रणा सांध्यावर तुटून पडते. हा काही दुर्मीळ प्रकार नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने १९९६ पासून घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली, तेव्हा साधारण दोनशे प्रौढांमागे एकाला आमवात निघाला.

यात प्रतिकारशक्ती कमी झालेली नसते. त्या काढ्याने ती खरोखरच वाढली असती, तर मावशीची बोटं आणखी सुजली असती. सुदैवाने काढ्याने तसं काही होत नाही. धोका आहे तो 'शंभर टक्के वनस्पतिजन्य' म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांचा. त्यांनी दोन दिवसांत गुण येतो, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलेलं आहे.

आता लाल गोलातल्या मोनोसाइट्सकडे वळू. पांढऱ्या पेशींमधली ही जरा थोराड जमात अस्थिमज्जेत तयार होते. मावशीच्या पांढऱ्या पेशी सात हजार धरल्या, तर तिच्या पाचेक लिटर रक्तात तीनशे कोटींच्या आसपास मोनोसाइट्स फिरत असणार. त्यातल्या बहुतेक जणी रक्तात जेमतेम एक दिवस राहतात. कुठे जखम किंवा सूज दिसली की रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात आणि ऊतीत शिरल्यावर फुगून मॅक्रोफेज होतात, म्हणजे महाभक्षक पेशी.

भक्षक पेशी ही कल्पना रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांची देणगी. १८८२ साली सिसिलीतल्या मेस्सिना गावात घरची मंडळी सर्कशीतली माकडं पाहायला गेली होती आणि हे सूक्ष्मदर्शकापाशी एकटेच बसले होते. तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक अळीत फिरणाऱ्या पेशी पाहता पाहता त्यांच्या मनात आलं, हिला काटा टोचला तर? बागेतल्या गुलाबाचे काटे आणून टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्याभोवती पेशींनी गराडा घातलेला होता. १९०८ चं नोबेल त्यांना पॉल एर्लिक यांच्याबरोबर विभागून मिळालं.

त्या काट्यामुळे आपल्या मनात मॅक्रोफेजची प्रतिमा पहारेकऱ्याची झाली. पण तिचा रोजचा दिवस पहाऱ्यात जात नाही, मयत उचलण्यात जातो. तांबड्या पेशींचंच पाहा. त्यांचं आयुष्य १२० दिवसांचं, आणि सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी निकामी होतात. प्लीहा आणि यकृतातल्या मॅक्रोफेज त्या गिळतात आणि आतलं लोह परत वापरायला देतात. छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होणाऱ्या टी-पेशींपैकी (याही पांढऱ्या पेशीच) ९५ टक्क्यांहून जास्त तिथेच मरतात, तरी सूक्ष्मदर्शकाखाली प्रेत म्हणून शोधायला गेलात तर क्वचितच दिसतं. पडायच्या आतच उचललेलं असतं.

मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडणारी गोष्ट ही: मॅक्रोफेजला कळतं कसं की कोण मेलं आहे? जिवंत शेजाऱ्याला ती का गिळत नाही?

पेशीचं पटल गोधडीसारखं दोन पदरी असतं, बाहेरचा पदर आणि आतलं अस्तर. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा एक स्निग्ध रेणू जिवंत पेशीत कायम अस्तराच्या बाजूलाच असतो. तो चुकून बाहेरच्या पदरात आला, तर फ्लिपेज नावाचं प्रथिन ऊर्जा खर्च करून त्याला पुन्हा आत उलटवतं. हे काम अखंड चालू असतं. जिवंत असणं म्हणजे, या एका हिशोबाने, अस्तर झाकून ठेवणं.

पेशी नियोजित मरणाला लागते तेव्हा तिच्या आत कॅस्पेज नावाच्या कात्र्या जाग्या होतात. त्या फ्लिपेज कापतात. तो कापला की निकामी. त्याच कात्र्या एक्सकेआर-८ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचं शेपूटही छाटतात, आणि ते मात्र छाटल्यावर सुरू होतं! त्याचं काम दोन्ही पदरांतले रेणू घुसळणं. एकाच कात्रीने एक यंत्र बंद, दुसरं चालू. आतला फॉस्फॅटिडिलसेरीन पृष्ठभागावर येतो आणि पेशी जणू अस्तर उलटं करून उभी राहते: मला उचला. बाहेर आलेला हा रेणू मॅक्रोफेज ओळखतात, हे १९९२ मध्ये व्हॅलरी फॅडोक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं. कात्रीचे दोन्ही वार २०१३ आणि २०१४ मध्ये क्योटो विद्यापीठात शिगेकाझू नागाता यांच्या गटाने उलगडले.

उचलणारे हातही ठरलेले. गॅस-६ आणि प्रोटीन-एस ही रक्तातली प्रथिनं एका टोकाने त्या उघड्या रेणूला चिकटतात, दुसऱ्या टोकाने मॅक्रोफेजवरच्या मर्टीके नावाच्या ग्राहीला, म्हणजे पकडणाऱ्या प्रथिनाला. (हे नाव लक्षात ठेवा, पुढे सांध्यात भेटणार आहे. बाकीची विसरलात तरी चालतील.) आणि खरी गंमत जेवणानंतरची. जिवाणू गिळला की मॅक्रोफेज आरडाओरडा करते, टीएनएफसारखी भडकावणारी प्रथिनं सोडते. मेलेली स्वकीय पेशी गिळली, की उलट आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा सोडून आजूबाजूला गप्प करते. तोंड एकच, ढेकर दोन तऱ्हेचे.

खांदा द्यायला कुणी आलंच नाही तर? घंटागाडी चार दिवस आली नाही की ओल्या कचऱ्याच्या पिशव्या फुटतात, तसंच. न उचललेली पेशी अखेर फाटते आणि तिचं केंद्रक, डीएनए, त्याभोवतीची प्रथिनं बाहेर सांडतात. एरवी ज्या गोष्टी संरक्षण यंत्रणेला उघड्यावर दिसायच्याच नाहीत, त्या आता रस्त्यावर पडलेल्या. ल्युपस हाही संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा, म्हणजे ऑटोइम्यून आजार. त्याच्या रुग्णांची एएनए तपासणी करतात, ती याच केंद्रकाविरुद्धच्या प्रतिपिंडांची, म्हणजे अँटीबॉडीजची. १९९८ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगनच्या संशोधकांनी ल्युपसच्या रुग्णांच्या रक्तातल्या मोनोसाइट्स घेतल्या, बशीत वाढवून त्यांच्या मॅक्रोफेज केल्या आणि पुढ्यात मेलेल्या पेशी ठेवल्या. निरोगी माणसांच्या मॅक्रोफेजपेक्षा त्यांनी कमी उचलल्या. मेलेल्या पेशींवर खूण करणारं सी-वन-क्यू हे प्रथिन ज्यांच्यात जन्मतःच नसतं, अशा मोजक्या माणसांपैकी बहुतेकांना ल्युपस होतो.

मग दुष्टचक्र लागतं. प्रतिपिंडं सांडलेल्या डीएनएला चिकटतात. आता मॅक्रोफेज येतेही, पण तिला प्रतिपिंडाचं शेपूट दिसतं, म्हणजे शत्रूची खूण. गिळते ती आरडाओरडा करत. जे मयत गुपचूप उचलायचं, त्याची दंगल होते आणि प्रतिपिंडं चिकटलेले डीएनएचे तुकडे मूत्रपिंडाच्या गाळणीत जाऊन अडकतात.

इथे हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आठवतं. हे औषध पेशीच्या पोटातल्या आम्लाच्या पिशव्यांत साठून आम्लता कमी करतं, आणि गिळलेला डीएनए-आरएनए पाहून उठणारी बोंब बरीचशी दबते. म्हणून ल्युपसच्या रुग्णांना ते वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये कोरोनावरचा रामबाण म्हणून त्याचा इतका गवगवा झाला, की ज्यांचं ते रोजचं औषध होतं त्यांनाच दुकानांमधून हात हलवत परतावं लागलं. पुढे मोठ्या चाचण्यांत त्याचा कोरोनावर उपयोग दिसला नाही.

आता मावशीच्या बोटांकडे येऊ. ऑटोइम्यून आजार समजावताना 'कुंपणानेच शेत खाल्लं' असं आपण सर्रास म्हणतो. मीही म्हणायचो. सांध्यातल्या मॅक्रोफेजबद्दल वाचल्यावर थांबलो, कारण तिथे खरोखरचं कुंपण असतं आणि ते शेत खात नाही.

सांध्याच्या पिशवीला आतून पातळ अस्तर असतं, एक ते तीन पेशींच्या जाडीचं. त्यातल्या काही मॅक्रोफेज. २०१९ मध्ये, पुन्हा एर्लांगनच्याच गटाने, उंदरांच्या सांध्यात पाहिलं की या मॅक्रोफेज एकमेकींना घट्ट चिकटून, त्वचेच्या पेशींसारखी सलग भिंत करून बसलेल्या असतात. त्या रक्तातल्या मोनोसाइट्सपासून येत नाहीत, तिथल्या तिथे नव्या होतात. मॅक्रोफेज म्हणजे वयात आलेली मोनोसाइट, हे आम्ही शाळेत घोकलेलं अर्धवटच होतं. अनेक अवयवांतल्या मॅक्रोफेज गर्भावस्थेतच तिथे वस्तीला आलेल्या असतात, मेंदूतल्या तर अंड्यातल्या बलकासारख्या पीतक कोशातून.

सांधा सुजायला लागतो तेव्हा ही भिंत आपले हात सोडते. फटींतून रक्तातल्या मोनोसाइट्स घुसतात आणि आत आल्यावर चिडक्या मॅक्रोफेज बनतात. आमवातातली प्रतिपिंडं त्यांना आणखी डिवचतात. टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ यांचा पूर येतो, अस्तर फुगतं. त्याच कुळातल्या काही पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या ऑस्टिओक्लास्ट होतात, आम्ल सोडून हाड विरघळवणाऱ्या. मावशीच्या हाताच्या एक्स-रेवर बोटांच्या मुळाशी उंदराने कुरतडल्यासारखे जे चावे दिसतात, ते यांचे.

म्हणजे कुंपण वेगळं आणि खाणारे वेगळे; आडनाव मात्र एकच. भाषणांत अजूनही मॅक्रोफेजची एम-१ वाईट आणि एम-२ चांगल्या अशी दोन खात्यांत वाटणी दाखवतात. बशीतल्या पेशींना ती शोभते, सांध्यात तिचा फारसा पत्ता लागत नाही.

आणि इथे मर्टीके परत येतं. २०२० मध्ये ग्लासगो आणि रोमच्या संशोधकांनी आमवाताच्या रुग्णांच्या सांध्यातल्या अस्तराचे बारीक तुकडे काढून त्यातल्या मॅक्रोफेज एकेक तपासल्या. ज्यांचा आजार पूर्ण शांत होता त्यांच्यात मर्टीकेवाल्या, म्हणजे मेलेलं गुपचूप उचलणाऱ्या मॅक्रोफेज भरपूर होत्या. आजार शांत असूनही ज्यांच्यात त्यांचं प्रमाण कमी होतं, त्यांची औषधं कमी करताच सांधे पुन्हा पेटण्याची शक्यता जास्त होती. वरवर दोघेही बरे, पण एकाच्या सांध्यात खांदेकरी परतलेले आणि दुसऱ्याच्या नाहीत.

आजची औषधं मात्र खांदेकरी वाढवत नाहीत, ओरड दाबतात. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी रुग्णांच्या सांध्यातल्या पेशी बशीत ठेवून त्यातला एकटा टीएनएफ अडवला, तर आयएल-१ सुद्धा खाली आलं. सगळ्या गोंगाटामागे सूत्रधार एक. १९९२ मध्ये त्यांनी टीएनएफ अडवणारं प्रतिपिंड रुग्णांना दिलं, आणि आज इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब ही नावं आपल्याकडच्या संधिवाततज्ज्ञांच्या चिठ्ठ्यांवरही दिसतात.

पण टीएनएफचं आणखी एक काम असतं. क्षयाचे जंतू फुप्फुसात शिरले की मॅक्रोफेज त्यांच्याभोवती गठ्ठा करून त्यांना वर्षानुवर्षं कोंडून ठेवतात, आणि त्या कोंडवाड्याची भिंत टीएनएफवर टिकते. टीएनएफ काढला की भिंत ढासळते. इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांमध्ये निद्रिस्त क्षय उफाळून येतो, हे २००१ मध्ये नीट नोंदवलं गेलं. आपल्या देशात हा कोंडवाडा छातीत घेऊन फिरणारे कोट्यवधी आहेत. त्यामुळे या इंजेक्शनांआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी सांगितली, तर डॉक्टर उगाच खर्चात पाडतायत असं समजू नका.

मावशीला मी फोन केला. म्हटलं, ९ टक्क्यांनी काही बिघडत नाही. सूज असताना मोनोसाइट्स थोड्या वर जातात, साध्या तापातही जातात, आणि तुझी बोटं आखडवणाऱ्या पेशी त्या नळीत आलेल्याच नाहीत, त्या सांध्याच्या आत बसल्या आहेत. काढा राहू दे. आमवातावरची तुझी मेथोट्रेक्सेटची गोळी मात्र आठवड्यातून एकदाच घे, रोज नाही. या गोळीत ही चूक जिवावर बेतते. तर ती म्हणाली, ते ठाऊक आहे रे, कॅलेंडरवर रविवारी फुली मारते. मग सांध्यातल्या कशा मोजायच्या? मी सांगितलं, सोनोग्राफीवर बघत सांध्यात सुई घालून अस्तराचा तुकडा काढतात.

"सुई? सांध्यात?" मावशी म्हणाली. "राहू देत त्या आतच."