थिजलेला उंदीर, पळणारा उंदीर

शेजारच्या काकूंनी स्तनातली गाठ सात महिने कुणाला सांगितली नाही. "कॅन्सर निघाला तर?" या धास्तीने त्या दवाखान्याची पायरी चढल्या नाहीत. मरणाची भीती घातली की माणूस सुधारतो, असं आपण सर्रास म्हणतो. मग काकूंना भीती कमी पडली होती का?

भीती मेंदूत काय करते, हे पाहण्यासारखं आहे. कानशिलाच्या आत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, अमिग्डाला. त्यात पेशींचे वेगवेगळे पुंजके असतात. आवाजानंतर विजेचा हलका झटका, असं उंदराला काही वेळा अनुभवायला दिलं, की नंतर नुसत्या आवाजानेही तो जागच्या जागी थिजतो. आवाज आणि झटका यांची सांगड अमिग्डालाच्या बाहेरच्या बाजूच्या, म्हणजे पार्श्व पुंजक्यात बसते. तिथून पुढे दोन रस्ते फुटतात. एक जातो मध्य पुंजक्याकडे. तो मेंदूच्या देठातल्या करड्या भागाला हुकूम सोडतो आणि शरीर गोठतं. आपण ज्याला पाचावर धारण बसणं म्हणतो, ते हेच. दुसरा रस्ता तळाच्या पुंजक्याकडे जातो आणि तिथून हालचाल ठरवणाऱ्या भागांकडे.

२००० साली न्यूयॉर्क विद्यापीठात जोसेफ लेडू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दोन रस्ते वेगळे करून दाखवले. उंदीर जागा सोडून पलीकडे गेला की भीतीचा आवाज बंद होईल, अशी त्यांनी सोय केली. मध्य पुंजका निकामी केलेले उंदीर थिजेनात, पण पलीकडे जायला शिकले. तळाचा पुंजका निकामी केलेले थिजले, पण सुटकेची वाट काही शिकले नाहीत. पार्श्व पुंजकाच गेला, तेव्हा दोन्ही गेलं. म्हणजे भीती तीच, आत शिरण्याचं दारही तेच. थिजण्याची आणि सुटकेची यंत्रणा मात्र वेगवेगळी. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. उंदरावरून माणसाबद्दल थेट निष्कर्ष काढू नये हे खरं, पण माणसांवरचा एक जुना प्रयोग याच्या शेजारी ठेवून पाहा.

१९६५ साली येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथल यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताची पुस्तिका वाचायला दिली. काहींना सौम्य, काहींना अंगावर काटा आणणारी. भयानक पुस्तिका वाचलेल्यांना लस घ्यावी असं जास्त वाटलं, पण प्रत्यक्ष टोचून घेणारे सुमारे ३ टक्केच. काहींना मात्र सोबत आरोग्य केंद्राचा नकाशा आणि वेळा दिल्या, आठवड्यात कधी जमेल ते ठरवायला सांगितलं. त्यांच्यातले सुमारे २८ टक्के लस घेऊन आले. भीती सौम्य होती की तीव्र, याने फरक पडला नाही. नुसता नकाशाही पुरला नाही. थोडी भीती लागलीच.

पत्रिकेत मृत्युयोग सांगणाऱ्यांचा धंदा याच सूत्रावर चालतो. ते आधी घाबरवतात आणि लगेच वार, वेळ, पूजेचं सामान, दक्षिणा सगळं हातात देतात. घाबरलेल्या माणसाला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, आणि गाठ तशीच वाढत राहते. माणसं याला फसतात म्हणून त्यांना अडाणी म्हणणं मला पटत नाही. अनेकदा तितकी सोपी वाट आरोग्यव्यवस्थेने त्यांना दाखवलेलीच नसते. २०१८ पासून सिगारेटच्या पाकिटावर भयानक चित्राबरोबर व्यसन सोडवणाऱ्या मदतीचा फोन क्रमांक छापतात, ते म्हणूनच मला चित्रापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

काकूंना शेवटी त्यांच्या भाचीने हलवलं. तिने मरणाचा विषयच काढला नाही. "मंगळवारी दहा वाजता, दुसरा मजला, केसपेपर मी काढते, तुम्ही फक्त रिक्षात बसा," एवढंच म्हणाली.

आणखी एक गोष्ट. पलीकडे जायला नीट शिकलेला उंदीर आवाज झाला तरी फारसा थिजत नाही. आवाज येतो, तो उठतो आणि पलीकडे जातो.