ड्रायव्हर लिहिला की कोड जगजाहीर करावाच लागतो?

सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात परवा पुन्हा तेच ऐकलं: "लिनक्सचा ड्रायव्हर लिहिला की कोड इंटरनेटवर टाकावाच लागतो. नको ती भानगड." मागावर सूत तुटलं की खबर देणाऱ्या सेन्सरसाठी तिथल्या पोरांनी सुरेख ड्रायव्हर, म्हणजे सेन्सर आणि संगणक यांचं बोलणं जुळवणारा प्रोग्राम, लिहिलाय. या भीतीपायी तो नुसता पडून आहे. बघून जीव तुटतो.

लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, १९९२ पासून जीपीएल परवान्याखाली आहे; सॉफ्टवेअर दुसऱ्याला देताना त्याचा कोडही द्यायला लावणारा हा परवाना. आज लागू आहे ती दुसरी आवृत्ती. कोड देण्याची ही जबाबदारी तो लिहिल्यावर नाही, त्याची प्रत दुसऱ्याच्या हाती दिल्यावर सुरू होते. स्वतःच्याच कारखान्यात सगळ्या मागांवर ड्रायव्हर चालवा, कुणाला काही द्यावं लागत नाही. तोच ड्रायव्हर बसवलेला कंट्रोलर शेजारच्या कारखानदाराला विकलात, तर मात्र सोबत सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ, वाचता येणारा मजकूर) द्यायचा, नाहीतर मागेल त्याला देऊ अशी किमान ३ वर्षांची लेखी हमी. पैसे घ्यायला मनाई नाही. मात्र घेणाऱ्याने कोड पुढे वाटला, तर त्याला अडवता येत नाही.

"वेगळं मॉड्यूल केलं की जीपीएल लागतच नाही," हेही तितकंच सर्रास सांगतात. मॉड्यूल म्हणजे कर्नलला हवा तेव्हा जोडता येणारा कोडचा तुकडा. एवढं सोपं नाही ते. मॉड्यूलमधल्या परवान्याच्या ओळीत 'प्रोप्रायटरी' लिहिलं, की ते लोड होताच कर्नल स्वतःवर 'टेंटेड' (डागाळलेला) असा शिक्का मारतो आणि फक्त जीपीएलसाठी राखलेली फंक्शन्स त्याला देत नाही. हे टाळायला तिथे खोटंच 'जीपीएल' लिहून कोड दडवणं, ही सरळ फसवणूक आहे.