बोर्ड गेम कोण बनवतं? एआयच्या वादामागची जुनी गोष्ट

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेलो तेव्हा पिशवीत स्वतः बनवलेला बोर्ड गेम होता, केळीच्या बागांवरचा. म्हणजे पुठ्ठा मी कापला, चौकटी मी आखल्या, पण नियम एका चॅटबॉटने लिहून दिले होते, अर्ध्या मिनिटात. विहीर खोदायची, खोडं लावायची, वाऱ्या-वादळाचे पत्ते, रावेरच्या भावाचे पत्ते, वाचायला एकदम मस्त वाटत होतं सगळं. बायका-पोरी झोक्यावर, माणसं पत्ते कुटत बसलेली आणि आम्ही ओट्यावर हा खेळ मांडला. पाऊण तास झाला आणि ताईची दहा वर्षांची पोरगी सोंगटी खाली ठेवून म्हणाली, "मामा, हाऊ खेय संपसच नही."

आणि खरंच होतं तिचं. ज्याच्या दोन विहिरी झाल्या त्याला घड विकायची गरजच उरत नव्हती, सगळे आपापले घड धरून बसलेले, पुढे काही घडेचना. चॅटबॉटला सांगितलं तर लगेच नवीन नियम दिला आणि त्या नियमाने जो पहिला खेळेल तोच जिंकायला लागला. मग परत आल्यावर यामागचं बरंच वाचलं, कारण "एआय बोर्ड गेम बनवू शकतं का" हा प्रश्न आत्ता दोन वर्षांत आलाय असं वाटतं पण तसं अजिबात नाहीये.

आधी एक लक्षात घ्या, जुन्या खेळांवर कुणाचं नाव नाही. आमची आजी चंगअष्टा खेळायची, खडूने पंचवीस घरं आखायची, चिंचोके फोडून त्याचे फासे, चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ. आमच्या घरात नियम होता की समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरता येत नाही, आणि आजीच्या माहेरी हा नियमच नव्हता, त्यावरून दरवेळी वाद. आता मला वाटतं तो वाद हेच खेळ बनवणं होतं, शेकडो वर्षं ओट्या-ओट्यावर चाललेलं. फतेहपूर सीक्रीच्या अंगणात दगडात आखलेला पट आजही दिसतो, अकबराच्या काळातला म्हणतात, पण पचीसी कुणी काढली ते कुठेच लिहिलेलं नाही. तीच पचीसी सोपी होऊन 1896 मध्ये इंग्लंडमध्ये लुडो म्हणून पेटंट झाली. आपला मोक्षपटही त्याच सुमारास तिकडे जाऊन सापशिडी झाला, पुण्याच्या शिड्या आणि पापाचे साप हा मूळ अर्थ हळूहळू गळून पडला.

नाव आणि पैसा आला की भांडण येतंच. आपण लहानपणी जो व्यापार खेळलो त्याचं मूळ मोनोपॉली, आणि मोनोपॉलीचं मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंचा लँडलॉर्ड्स गेम, पेटंट 1904 चं. जमिनीची मालकी थोड्या लोकांच्या हातात गेली की बाकीचे कसे भिकेला लागतात हे दाखवायला त्यांनी तो बनवला होता. पुढची तीस वर्षं लोकांनी हाताने पट काढून काढून तो खेळला, आपापल्या गावाच्या रस्त्यांची नावं घातली, नियम बदलले, आणि 1935 मध्ये पार्कर ब्रदर्सने तो चार्ल्स डॅरो यांचा खेळ म्हणून बाजारात आणला. मॅगीबाईंना पेटंटचे 500 डॉलर मिळाले, रॉयल्टी शून्य. म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं गोळा करून आपलं म्हणून विकायचं, हा आज एआयवर होणारा आरोप या क्षेत्राला नवीन नाही, आणि तेव्हाही तो तितकाच गंभीर होता.

यावर डिझायनर लोकांनी एकदा ठामपणे पाय रोवले ते जर्मनीत. 1988 ला न्यूरेंबर्गच्या खेळणी-मेळ्यात काही जणांनी बिअरच्या ग्लासाखाली ठेवतात त्या पुठ्ठ्यावर लिहून सह्या केल्या की खोक्यावर आमचं नाव छापणार नसाल तर आम्ही खेळ देणार नाही. मला ही गोष्ट फार आवडते, एवढासा पुठ्ठा आणि त्याच्यामुळे आज क्लाउस टॉयबर या डिझायनरचं नाव त्यांच्या 1995 च्या कॅटन या खेळासोबत जगभर माहिती आहे, पुस्तकावर लेखकाचं असतं तसं.

आता मशीनची बाजू. सुरुवातीला मशीन फक्त खेळायला शिकलं. क्लॉड शॅनन यांनी 1950 मध्येच कॉम्प्युटरने बुद्धिबळ कसं खेळावं यावर लेख लिहिला, मग आयबीएममधले आर्थर सॅम्युअल यांचा चेकर्सचा प्रोग्राम, 1997 ला डीप ब्लू या कॉम्प्युटरने बुद्धिबळात कास्पारोव्हला हरवलं, 2016 ला अल्फागो या प्रोग्रामने गो या खेळात ली सेडोलला 4-1. हे बहुतेकांना माहितीये.

पण खरी गोष्ट या सगळ्याच्या बाजूला घडली आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ऑस्ट्रेलियात कॅमेरॉन ब्राउन यांनी पीएचडीसाठी ल्युडी नावाचा प्रोग्राम लिहिला, 2007-08 च्या आसपास. त्यात खेळांचे नियम तुकड्या-तुकड्यांत भरलेले, आणि कपाशीचं संकरित बियाणं करतात तसा एका खेळाचा तुकडा दुसऱ्यात मिसळून नवीन खेळ काढायचा. मग तो नवीन खेळ प्रोग्राम स्वतःशीच खेळून बघायचा. संपतो का? किती डाव बरोबरीत जातात? पहिला खेळणाराच जिंकतो का? मागे पडलेला परत वर येऊ शकतो का? आणि चांगला खेळ म्हणजे काय हे ठरवायला आधी माणसांना बरेच खेळ खेळायला देऊन त्यांची पसंती विचारून घेतली होती.

असे 1,389 खेळ निघाले, त्यातले कामाचे फक्त 19. त्यातला एक यवालाथ, नावही प्रोग्रामनेच जुळवलेलं. षटकोनी घरांचा पट, 61 घरं, आळीपाळीने एकेक खडा ठेवायचा, सलग चार झाले तर जिंकलात पण चार व्हायच्या आधी सलग तीन झाले तर हरलात. बस. मी कागदावर आखून भाच्याशी खेळलो, पाचव्या-सहाव्या खड्याला कळतं की गंमत कुठे आहे, तुम्ही चार करायची धमकी द्यायची अशी की ती अडवायला समोरच्याला स्वतःचे सलग तीन करावे लागतील. भाचा खडा हातात धरून किती वेळ नुसता बघतच राहिला. हा खेळ 2009 मध्ये विकायलाही आला. पुढे ब्राउन यांनी नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात जगभरातले जुने हजारभर खेळ अशाच पद्धतीने कॉम्प्युटरवर मांडायचा मोठा प्रकल्प केला. आणि 2020 मध्ये बुद्धिबळाचे माजी जगज्जेते क्रॅमनिक यांनी अल्फागोवाल्या डीपमाइंड कंपनीसोबत, कॅसलिंग (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) काढून टाकलं तर बुद्धिबळ कसं होईल, असे नऊ बदल अल्फाझीरो या प्रोग्रामला स्वतःशी खेळायला लावून तपासले.

म्हणजे मशीनने जिथे चांगलं काम केलं तिथे ते आधी खेळलं, हजारो वेळा. आत्ताचा चॅटबॉट खेळत नाही, तो नियमावली लिहितो, हजारो नियमावल्या वाचून त्यांच्यासारखी दिसणारी. माझा केळीचा खेळ कागदावर छान आणि ओट्यावर बंद पडला त्याचं कारण मला तरी हेच वाटतं. लोक या दोन्हीला एकच "एआय" म्हणतात आणि मग वाद भरकटतो.

चित्रांचा वाद वेगळा. 2024 मध्ये टेराफॉर्मिंग मार्स या बोर्ड गेमच्या नव्या भागांसाठी किकस्टार्टर या लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायच्या वेबसाइटवर पैसे गोळा झाले आणि त्यात एआयने काढलेली चित्रं वापरल्यावरून बराच गोंधळ झाला. त्याआधीच 2023 पासून किकस्टार्टरने एआय वापरलं तर सांगायचं असा नियम केलेला. चित्रकारांचा राग मला पूर्ण पटतो, ज्यांच्या चित्रांवर मशीन शिकलं त्यांना कुणी विचारलं होतं?

केळीच्या खेळाचं शेवटी दाजींनी सोडवलं. ते स्वतः केळीवाले, पट बघून म्हणाले, अरे, घड तयार झाला की झाला, ट्रक आला की कापावाच लागतो, भाव असो नसो. मग आम्ही प्रत्येक घडाखाली तीन खडे ठेवले, दर पाळीला एक उचलायचा, खडे संपले की त्या दिवशीच्या भावाला विकायचा. डाव पस्तीस मिनिटांत संपला. परवा ताईचा फोन होता, पोरगी म्हणते तीन खडे जास्त होतात, तिने तिकडे दोनच केलेत.