प्रतिकारशक्तीला आवर घालताना

1959 साली बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांच्या तुकडीने एका रुग्णाच्या सबंध अंगाला क्ष-किरण दिले आणि त्याच्या जुळ्या भावाचं मूत्रपिंड त्याला बसवलं. दोघं एकाच बीजांडातून जन्मलेले नव्हते, म्हणजे ते मूत्रपिंड शरीराच्या लेखी परकंच. परक्या अवयवावर प्रतिकारशक्ती तुटून पडते, तिला दाबण्यासाठीच हे किरण होते. तरीही ते टिकलं आणि तो माणूस पुढे वीस वर्षांहून अधिक जगला. पण असेच किरण दिलेले बहुतेक रुग्ण दगावले. प्रतिकारशक्ती इतकी खचली होती की साध्या जंतुसंसर्गालाही तोंड देता येईना.

असं का होतं? किरणांनी पेशीतला डीएनए तुटतो. बहुतेक पेशी त्यानंतरही काही काळ तग धरतात आणि विभाजनाची वेळ आली की मरतात. लिम्फोसाइट या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी मात्र विभाजनाची वाटही पाहत नाहीत. नुसत्या बसल्या जागी, काही तासांत स्वतःला संपवतात. म्हणूनच किरणोत्सर्गाच्या अपघातात डॉक्टर पहिल्या दोन दिवसांत लिम्फोसाइट किती घसरल्या ते पाहून मात्रेचा अंदाज बांधतात. प्रतिपिंडं, म्हणजे शत्रूला चिकटणारी प्रथिनं, बनवणाऱ्या तयार पेशी त्या मानाने चिवट असतात. त्यामुळे जुन्या शत्रूविरुद्धची प्रतिपिंडं बनत राहतात. अडतं ते नव्या शत्रूशी लढणं.

औषधांनी वेगळी जागा हेरली. शत्रू ओळखलेल्या लिम्फोसाइटला एकीच्या हजारो व्हावं लागतं आणि दर वेळी डीएनएची नवी प्रत काढावी लागते. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्स यांच्या प्रयोगशाळेतून आलेलं अझाथायोप्रिन शरीरात गेल्यावर डीएनएच्या घटकांची नक्कल बनतं. भिंतीत खोटी वीट बसावी तसं. बांधकाम थांबतं. पण अस्थिमज्जेतल्या इतर पेशीही सतत विभागतात, त्यांनाही ही झळ बसते.

मला खरी थोर वाटते ती सायक्लोस्पोरिनची गोष्ट. नॉर्वेतल्या एका पठारावरच्या मातीत सापडलेल्या बुरशीपासून ते मिळालं. टी-पेशीला, म्हणजे एका प्रकारच्या लिम्फोसाइटला, शत्रू भेटला की तिच्यात कॅल्सिन्यूरिन नावाचं विकर जागं होतं, एक संदेश केंद्रकात पोचतो आणि इंटरल्यूकिन-2 तयार होऊ लागतं. 'वाढा' असा हा हुकूम. सायक्लोस्पोरिन कॅल्सिन्यूरिनलाच अडवतं. पेशी जिवंत राहते, पण हुकूम सुटत नाही. 1983 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि प्रत्यारोपणाचं चित्रच पालटलं. मात्र ज्या मूत्रपिंडाला ते वाचवतं, त्यालाच दीर्घकाळात इजाही करू शकतं, म्हणून रक्तातलं त्याचं प्रमाण वरचेवर तपासावं लागतं.

ही औषधं घेणाऱ्यांच्या घरच्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. जखमेची लाली, सूज, पू ही जंतूंची नव्हे, आपल्याच प्रतिकारशक्तीची कामगिरी असते. पू म्हणजे मुख्यतः लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. त्या दाबून ठेवल्या की संसर्ग आत पसरत असतानाही वरून फारसं काही दिसत नाही. कधीकधी थोडासा ताप, एवढीच खूण. तेवढ्यावरही त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.