लॅक्रोस हेल्मेटची सजावट आणि शालेय विक्रमफलक

अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांच्या क्रीडाजीवनातल्या दोन प्रथा. हेल्मेटवर संघाचे रंग, चिन्ह व खेळाडूचा क्रमांक मिरवतात. व्यायामशाळेच्या किंवा जलतरण तलावाच्या भिंतीवरचा फलक शाळेचे आजवरचे उच्चांक सांगतो.

लॅक्रोस हा टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायचा, मूळचा उत्तर अमेरिकेतील हौडेनोसौनी व इतर आदिवासी राष्ट्रांचा खेळ. त्याच्या पुरुषांच्या मैदानी प्रकारात हेल्मेट सक्तीचे असते. महिलांच्या खेळात ते फक्त गोलरक्षिकेला लागते, बाकीच्या खेळाडू डोळ्यांपुरती जाळी लावतात. त्यामुळे ही सजावट मुख्यतः मुलांच्या संघांत वाढली.

तिची प्रेरणा अमेरिकन फुटबॉलची. प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर यांनी 1938 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या हेल्मेटवर पिवळे पंख आणले. चेंडू फेकणाऱ्याला धावणारा आपला गडी चटकन ओळखता यावा, हा हेतू होता. त्याच विद्यापीठाचा लॅक्रोस संघही आज हेच पंख वापरतो. व्यावसायिक फुटबॉलमध्ये पहिले चिन्ह काढले ते लॉस एंजेलिस रॅम्सच्या फ्रेड गर्की या खेळाडूने. कलाशाखेत शिकलेल्या गर्कीने 1948 मध्ये चामड्याच्या हेल्मेटांवर स्वतःच्या हाताने मेंढ्याची शिंगे रंगवली. टकरीत रंग उडायचा, मग तोच पुन्हा कुंचला घेऊन बसायचा. प्लास्टिकचे हेल्मेट आल्यावर ही डागडुजी थांबली. ओहायो स्टेटच्या संघात 1960 च्या दशकाच्या अखेरीस चांगल्या खेळाबद्दल ‘बकआय’ झाडाच्या पानाचे स्टिकर देण्याची पद्धत पडली. अशी बक्षिसी पुढे शाळांतही पसरली.

लॅक्रोसचे हेल्मेट फुटबॉलच्या हेल्मेटसारखे गुळगुळीत नसते. समोर टोपीसारखी झडप, बाजूंना हवेची भोके, वर उंचसखल कंगोरे. सरसकट एक चित्र त्यावर बसत नाही. म्हणून प्रत्येक मॉडेलच्या मापाने व्हिनाइलचे तुकडे कापतात. कवच पुसून कोरडे केले की ते मधून कडेकडे दाबत, हवेचे फुगे काढत चिकटवतात. कवच, झडप, जाळी व हनुवटीचा भाग वेगवेगळ्या रंगांत मागवण्याची सोय उत्पादकच देतात. एका संघाच्या सर्व हेल्मेटांचा मुख्य रंग एकच असावा, असा महाविद्यालयीन नियम आहे. साहजिकच वैयक्तिक हौसेला जागा उरते ती मागच्या क्रमांकाजवळ किंवा दिवंगत सहकाऱ्याच्या आद्याक्षरांच्या छोट्या स्टिकरपुरती. आइस हॉकीच्या गोलरक्षकांना असला जाच नाही. बॉस्टनच्या गेरी चीव्हर्सने आपल्या मुखवट्यावर, मुखवटा नसता तर जिथे जिथे जखम झाली असती तिथे तिथे टाक्यांच्या खुणा रंगवून घेतल्या होत्या. सगळ्या सजावटींत विनोदबुद्धी दाखवणारी ही एकच म्हणावी लागेल.

रंगाचा डबा मात्र धोक्याचा. काही रंगांतले व गोंदातले द्रावक प्लास्टिकचे कवच कमकुवत करू शकतात. 1969 मध्ये स्थापन झालेली ‘नॉक्सी’ ही संस्था हेल्मेटांचे सुरक्षामानक ठरवते. उत्पादकाला मान्य नसलेला बदल केला तर त्या मानकाचे प्रमाणपत्र बाद ठरू शकते, आणि प्रमाणित नसलेले हेल्मेट सामन्यात चालत नाही. घरच्या घरी स्प्रे मारण्यापेक्षा स्टिकर बरा, असे अनुभवी प्रशिक्षक सांगतात ते यामुळेच.

विक्रमफलकाचे तंत्र साधे आहे: क्रीडाप्रकार, नाव, कामगिरी, वर्ष. विक्रम मोडला की एकच पट्टी बदलायची, बाकी फलक तसाच. पण या फलकांवर खेळापेक्षा जास्त इतिहास असतो. 1972 च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी बंधनकारक केली. त्याआधीच्या कित्येक फलकांवर जवळजवळ सगळी नावे मुलांचीच. शालेय धावस्पर्धा यार्डांवरून मीटरवर आल्या तेव्हा 440 यार्डांसारख्या शर्यती बंद झाल्या आणि त्यांचे विक्रम कायमचे अबाधित राहिले. हाताच्या घड्याळाने घेतलेली वेळ विजेरी वेळेपेक्षा साधारण पाव सेकंदाने कमी भरते, म्हणून जुने आकडे नव्यांशेजारी जपूनच वाचावेत. लॅक्रोसमध्ये गोल निर्विवाद. गोलसाहाय्य आणि जमिनीवरून उचललेले चेंडू मात्र बरेचसे नोंदणाऱ्याच्या नजरेवर ठरतात.

महाराष्ट्रातील शाळांच्या सन्मानफलकांवर शालान्त परीक्षेत दरवर्षी पहिल्या आलेल्याचे नाव चढते आणि ते पुसले जात नाही. विक्रमफलकावरचे नाव नवा विक्रम होईपर्यंतच टिकते. लॅक्रोसचा मराठी मुलखाशी संबंध एवढाच, की 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्याचा सहा-सहा खेळाडूंचा प्रकार क्रिकेटसोबत घेण्याचा निर्णय ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात झाला.