मर्डर कधी आणि असॅसिनेशन कधी?

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस शहरात तासाभराच्या आत दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. आधी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना, मग जे. डी. टिपिट या गस्तीवरच्या पोलिसाला. केनेडींच्या हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाने दोन्हींचा ठपका ली हार्वी ऑस्वाल्डवर ठेवला. मारेकरी एकच, शहर आणि दिवसही तोच. तरी इंग्रजीत केनेडींचं 'असॅसिनेशन' झालं आणि टिपिट यांचा 'मर्डर'. अदलाबदल करून पाहा. टिपिट यांचं असॅसिनेशन झालं असं लिहिलं, तर वाचणारा क्षणभर थबकेल: हा कोण बडा माणूस होता?

मराठीत 'हत्या' दोघांनाही चालते, म्हणून आपली गफलत होते.

'मर्डर' हा शब्द मारणाऱ्याच्या मनात डोकावतो. बेकायदा जीव घेतला आणि जाणूनबुजून घेतला, एवढं ढोबळमानाने पुरे. मेलेला राजा होता की रंक, हा प्रश्नच येत नाही. इरादा नसताना, अक्षम्य हलगर्जीपणाने माणूस दगावला तर प्रकरण 'मॅनस्लॉटर'कडे सरकतं. 'असॅसिनेशन'मध्येही इरादा असतोच, पण त्याची नजर मेलेल्यावर असते: तो सार्वजनिक जीवनात कोण होता?

आता हे 'कोण' ठरवायचं कसं? पदावरून म्हणावं, तर मार्टिन ल्यूथर किंग यांच्याकडे कोणतंही सरकारी पद नव्हतं. तरी ४ एप्रिल १९६८ला मेम्फिसमध्ये त्यांना गोळी घालून मारलं, त्याला सर्रास असॅसिनेशनच म्हणतात, कारण ते एका राजकीय लढ्याचे नेते होते. मग राजकीय हेतू हवाच का? तेही नाही. ३० मार्च १९८१ला रेगन यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या जॉन हिंकलीला एका अभिनेत्रीवर छाप पाडायची होती. हेतूत राजकारण नावालाही नव्हतं, पण समोर राष्ट्राध्यक्ष होते, म्हणून तो 'असॅसिनेशनचा प्रयत्न' ठरला. माझ्या मते पद किंवा राजकारण, यांपैकी एक असलं तरी शब्द शोभतो. दोन्ही नसलं की डळमळतो. ८ डिसेंबर १९८०ला मारला गेलेला गायक जॉन लेनन जगप्रसिद्ध होता, पण नेता नव्हता. त्याच्याबाबतीत दोन्ही शब्द वाचायला मिळतात. मी लिहिताना 'मर्डर'च लिहीन.

कायद्याला मात्र हा मानमरातब फारसा ठाऊक नाही. १९६३मध्ये राष्ट्राध्यक्षांना मारणं हा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात वेगळा गुन्हाच नव्हता. केनेडींबाबतही ऑस्वाल्डवर टेक्सासच्या कायद्याखाली साध्या मर्डरचाच आरोप होता. १९६५मध्ये खास कायदा आला. त्याच्या शीर्षकात असॅसिनेशन आहे, पण शिक्षेसाठी तो पुन्हा मर्डर आणि मॅनस्लॉटरच्या कलमांकडेच बोट दाखवतो.

बातमी लिहिणाऱ्याला आणखी एक पथ्य पाळावं लागतं. कोर्टात कोणी दोषी ठरेपर्यंत 'मर्डर झाला' असं लिहू नये, अशी असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेची शिस्त आहे. तोवर 'किल्ड' लिहावं. 'किल' हा शब्द कोणावरच आळ घेत नाही. थंडीही किल करते, आजारही, अपघातही. मर्डर करायला मात्र माणूसच लागतो.

'एक्झिक्यूट'चा गोंधळ अलीकडे वाढलाय. कोर्टाच्या किंवा लष्कराच्या हुकमाने देहदंड दिला, तर तो शब्द बरोबर. टोळीने कुणाला गुडघ्यावर बसवून डोक्यात गोळी घातली, तरी बातम्यांत 'एक्झिक्यूशन' छापून येतं. ते मी टाळतो. टोळीचं काम निकालपत्राच्या भाषेत सांगितलं की त्याला नको तो अधिकार चिकटतो, आणि 'गोळी घालून मारलं' एवढ्याने सगळं कळतं.