खिशातला चाकू आणि कलमाचा चाकू

एक रोजचा खिशातला चाकू, दुसरा झाडांची कलमं बांधायचा; मिटलेले असताना दोन्ही सारखेच. लाकडी मूठ, पितळी रिव्हेट, पात्याला नख अडकवायची खाच, मुठीच्या पाठीत स्प्रिंग. उघडले की दोन्ही ‘टक्’ करून बसतात. म्हणून तर दुकानात माणूस एक घ्यायला जातो आणि दुसरा घेऊन येतो. पातं उघडा आणि टोकाकडून, धारेच्या रेषेत बघा.

खिशातल्या चाकूला उतार दोन्हीकडून असतो, धार मधोमध. त्यामुळे तो कैरीतून सरळ खाली जातो. कलमाच्या चाकूला उतार एकाच बाजूला, दुसरी बाजू सपाट, सुताराच्या पटाशीसारखी. त्याने कैरी चिरलीत तर पातं सपाट बाजूकडे ओढलं जातं आणि फोड एकीकडे जाड, एकीकडे पातळ निघते.

पण हीच सपाट बाजू बागायतदाराला हवी असते. हापूसच्या कोयीतून उगवलेलं झाड हापूसच्याच गुणांचं निघेल याचा भरवसा नाही, म्हणून कोकणात भर पावसाळ्यात कोय कलमं बांधतात. रोप तांबूस पानांचं, कोवळं असतानाच शेंडा छाटायचा, खोडाला मधोमध चीर द्यायची, हापूसच्या काडीचं टोक दोन्हीकडून तासून पाचर करायची, चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. सालीखालचा जिवंत थर थराला भिडला तरच कलम जगतं. पात्याची सपाट बाजू काडीला टेकून सरकते, म्हणून काप एका ओढीत, पट्टीने आखल्यासारखा येतो. साध्या चाकूचं पातं काडीवर डोलतं, काप मधे खोलगट होतो आणि पाचरीशेजारी फट राहते. दिसायला केसाएवढी, पण तेवढ्यानेच काडी सुकते.

मला हे महागात कळलं. एका वर्षी मृगाच्या आधी माझा कलमाचा चाकू बाजारात धारेला दिला. कारागिराने मनापासून धार लावली, पण दोन्ही बाजूंनी. चाकू हातावरचे केस उतरवत होता, तरी त्या पावसात माझी निम्म्याहून जास्त कलमं काळी पडली. आता धार घरीच लावतो: उताराची बाजू दगडावर फिरवायची, सपाट बाजू पूर्ण टेकवून शेवटी एकदोनदाच ओढायची. डावखुरे असाल तर उलट्या उताराचा मागून घ्या.

खिशातल्या चाकूत मी आधी सांधा बघतो. उघडं पातं चिमटीत धरून आडवं हलवावं, जराही खुळखुळायला नको. आणि पातं स्टेनलेस असावं. कार्बन स्टीलची धार सुरेख येते, पण आमच्या खाऱ्या, ओल्या हवेत ते एका रात्रीत तांबारतं. कलमाचा चाकू त्याचाच घेतला असेल तर रोज पुसून खोबरेल लावा. फणसाचा चीक सांध्यात बसला असेल तर तोही खोबरेलानेच सुटतो.

माझ्याकडे दोन्ही असतात. कलमाच्या चाकूने मी साधी सुतळीसुद्धा तोडत नाही.